माती दाखवून घेतलेला बूट

या पृथ्वीच्या पाठीवर पळण्यासाठी म्हणून जेवढे बूट आजवर तयार झाले आहेत, ते सगळे माझ्या थोरल्या साडूंनी नापास केलेले आहेत. काही हातात घेऊन, काही पायात घालून आणि बरेचसे दुकानाच्या काचेतून नुसते बघून. मी स्वतः रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर माल पास-नापास करणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. पण साडूंनी बूट नापास केले त्या हिशेबानं मी माल नापास केला असता, तर कंपनीला केव्हाच टाळं लागलं असतं. आमची सुट्टी गुरुवारी असते. जग रविवारी झोपतं, आम्ही कारेगावात राहणारे कामगार गुरुवारी झोपतो. गेलं दीड वर्ष मात्र मी गुरुवारी झोपलेलो नाही. सकाळी सातला फोन वाजायचा आणि दौंडहून आवाज यायचा, “पाव्हणं, उठला का? एक बूट ध्यानात आलाय.” नाही म्हणायची सोय नव्हती, कारण ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि आमच्याकडे थोरल्या साडूला नाही म्हणण्यापेक्षा कंपनीच्या मॅनेजरला नाही म्हणणं सोपं असतं. मग मी निमूटपणे मोटारसायकल काढायचो.

साडू मूळचे निमोण्याचे, पण सगळी हयात दौंडला रेल्वेत गेली. कीमन होते ते. कीमन म्हणजे ज्यानं आपल्या वाट्याचे सहा-सात किलोमीटर रूळ रोज पायी चालून तपासायचे, रूळ धरून ठेवणारी चावी सैल झाली तर हातोड्यानं ठोकून बसवायची, ढिला नट आवळायचा, आणि गाडी आली की खडीत उतरून झेंडा धरून उभं राहायचं. बत्तीस वर्षं हे केल्यामुळे त्यांच्या देहाला दोन खोडी कायमच्या जडल्या. पहिली चालण्याची. त्यांचं पाऊल रुळाखालच्या एका स्लीपरच्या पट्टीवरून दुसऱ्या स्लीपरवर पडायला इतकं सरावलेलं आहे, की बाजारपेठेतल्या डांबरी रस्त्यावरसुद्धा ते स्लीपर सोडत नाहीत. ते अंतर धड एका पावलाचं नाही आणि दीड पावलाचंही नाही, त्यामुळे त्यांच्या शेजारून चालणाऱ्याला आपण सारखे मागे तरी पडतोय किंवा पुढे तरी घुसतोय असं वाटत राहतं, आणि पाच मिनिटांत तो घामाघूम होतो. दुसरी खोड ठोकून बघण्याची. कलिंगड, माठ, दरवाजा, पाण्याची टाकी, काहीही समोर आलं की ते बोटाच्या पेरानं ठोकणार आणि मान वाकडी करून ऐकणार. माझ्या लग्नात सासऱ्यांनी दिलेलं कपाट त्यांनी भर मांडवात असं ठोकून पाहिलं आणि जाहीर केलं, “मागचा पत्रा पातळ हाय.” पत्रा खरोखरच पातळ निघाला. त्याबद्दल सासरे त्यांच्याशी दोन दिवाळ्या नीट बोलले नव्हते.

निवृत्त झाल्यावर पहिल्या दिवशी ते नेहमीप्रमाणे पहाटे उठले, चहा घेतला, डबा मागितला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की जायचं कुठंच नाही. आक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, सांगतात, त्या दिवशी ते दोन खोल्यांच्या घरात दुपारपर्यंत येरझाऱ्या घालत होते. रुळावर जायची आता बंदी. “कालपतुर मी नसलो तर गाडी थांबवायची येळ यायची, आन् आज मी रुळावर दिसलो तर पोलीस धरणार,” असं ते हसत सांगतात, पण ते हसणं फारसं खरं नसतं. मग एका पहाटे भरतीची तयारी करणारी पोरं पळताना दिसली आणि हे त्यांच्या मागून पळत सुटले. साठी उलटलेला माणूस, अंगात बनियन, पायात रेल्वेचे जाडजूड काळे बूट. मी विचारलं, दाजी, चालायचं सोडून हे पळणं कुठून काढलंत? तर म्हणाले, “बत्तीस वर्सं मागनं गाडी येती का म्हणून कान देऊन चाललो, पाव्हणं. आता मागनं कायबी येत न्हाई. आता पळतो.” त्यांच्या तोंडावर असा आनंद मी त्यांच्या पोरीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

हा आनंद चारेक महिने टिकला. मग उजवा गुडघा सुजला. डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं, आतली गादी झिजली आहे, त्या काळ्या बुटांनी पळाल तर वर्षात गुडघा बसेल. पळण्याचा नीट बूट घ्या, जमेल तेवढं पळा, आणि तरीही दुखलं तर मात्र गपचूप बसा. हे शेवटचं वाक्य ऐकताना आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. दवाखान्याबाहेर त्या मला हळूच म्हणाल्या, “भावजी, ह्यास्नी समदं येतं, पर बसायला येत न्हाई. बसले तर संपले बगा. त्येवढा बूट मिळवून द्या.” मी मोठ्या तोंडानं म्हणालो, बूट काय, एका गुरुवारचं काम. त्या एका वाक्याची शिक्षा मी पुढं दीड वर्ष भोगली.

अडचण रस्त्याची होती. साडूंच्या घरापासून दीड किलोमीटर डांबरी सडक, तिथून खाली उतरलं की कॅनॉलच्या भरावावरची मातीची वाट, आणि त्याच वाटेनं परत. डांबराला मऊ टाचेचा, सपाट तळाचा बूट हवा. तो मातीत घसरतो. मातीला खाली दात असलेला बूट हवा. तो डांबरावर फटाफटा आपटतो, आणि महिन्याभरात त्याचे दात झिजून जातात. मी म्हटलं, दोन जोड घ्या आणि विषय संपवा. त्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या कीवेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. “आन् मधी बसून बूट बदलायचा? दौंडाला गाडी थांबून इंजिन बदलायची तसं? येकच बूट पायजे. डांबरावर बी चालंल आन् मातीत बी.”

त्यांची तपासणी शास्त्रशुद्ध असायची, हा तर त्रास होता. डांबराचा बरा की मातीचा बरा हे एकाच वेळी कळावं म्हणून एकदा त्यांनी ओळखीपाळखीतून दोन प्रकारचे जुने बूट मिळवले आणि डाव्या पायात एक, उजव्या पायात दुसरा घालून पळायला निघाले. उजव्याचा तळ डाव्यापेक्षा चांगला बोटभर जाड. त्यामुळे साडू एका अंगावर कलून, एक पाय टाकत आणि एक पाय ओढत कॅनॉलच्या वाटेनं चालले होते. निमोण्याचा कुणीतरी ओळखीचा तिथून चालला होता, त्यानं ते पाहिलं, आणि तो बिचारा हाक मारायचं धाडस न करता थेट गावाकडं फोन लावून मोकळा झाला. संध्याकाळी साडूंच्या दारात जीप उभी. दोन भाऊ, दोन भावजया, चुलते, पोरंबाळं, त्यांच्या पाठोपाठ शहाळी, बिस्किटाचे पुडे, आणि लकव्यावर हमखास गुण येणाऱ्या तेलाची बाटली. साडू अंगणात पाय धूत उभे होते. त्यांना धडधाकट बघून थोरल्या भावजयीला आनंदापेक्षा राग जास्त आला. आक्कांनी त्या रात्री चौदा माणसांचा स्वयंपाक केला आणि भाकरी थापता थापता एवढंच म्हणाल्या, “ह्यांच्या बुटापायी गाव जेवलं.” साडूंना मात्र निकाल मिळाला होता. डावा मातीत घसरतो, उजवा डांबरावर आपटतो, सबब दोन्ही नापास. जेवताना त्यांनी तो चुलत्यांना सविस्तर समजावून सांगितला. चुलते अजूनही त्यांना लकवाच मारून गेला असं मानतात.

पण खरा कहर झाला तो नगर रस्त्यावरच्या एका मोठ्या शोरूममध्ये. थंडगार हवा, चकचकीत फरशी, भिंतभर बूट. दारातच मला साडूंच्या हातातल्या पिशवीचा संशय आला होता, पण मी दमलेला होतो आणि दमलेला माणूस प्रश्न विचारत नाही. आत गेल्यावर त्यांनी पिशवीतून आधी वर्तमानपत्र काढून फरशीवर अंथरलं. मग एकेक कापडी पुरचुंडी सोडून तीन ढीग केले. एक कॅनॉलवरची काळी माती, एक मुरूम, एक बारीक खडी. काळ्या मातीवर बाटलीतलं पाणी शिंपडून त्यांनी ती पायानं जराशी तुडवली. बूट दाखवायला आलेला परप्रांतीय सेल्समन हातात खोकं धरून उभाच राहिला. “अंकल, ये क्या है?” साडू शांतपणे म्हणाले, “ये जमीन है. इधर पळनेका है.” आणि मग माझ्याकडे वळून, जणू मीच ते शोरूम बांधलं होतं अशा थाटात म्हणाले, “निमोण्यात बियाण्याच्या दुकानात गेलं तर दुकानदार आधी काय इचारतो? जमीन कसली? काळी का मुरमाड? पाणी कवा देता? मग बी दाखवतो. आन् हे लोक माती न बघता बूट देत्यात. कुणाच्या पायाला लागू व्हायचा?”

मी खुर्चीत बसून घेतलं. मॅनेजर येईल, आपल्याला बाहेर काढील आणि एकदाचं घरी जाऊन झोपता येईल, अशी माझी मनापासून इच्छा होती. मॅनेजर आलाही, पण तो निघाला न्हावऱ्याकडचा शेतकऱ्याचा मुलगा. त्यानं रागावण्याऐवजी खाली बसून काळ्या मातीचं ढेकूळ बोटांत चुरगाळलं आणि विचारलं, “कॅनॉलची का? चोपण दिसतीय जरा.” झालं. पुढचा अर्धा तास ते दोघं उकिडवे बसून क्षारपड जमिनीवर बोलत होते. अधूनमधून साडू एखादा बूट घालून तिन्ही ढिगांवरून चालायचे, बूट काढून तळ ठोकून ऐकायचे आणि बाजूला ठेवायचे. दातांच्या बुटात चिखल अडकला. “अर्धा किलो माती घेऊन पळू व्हय?” सपाट बूट मुरमावर सरकला. शेवटी मॅनेजरनं आतून एक वेगळाच जोड आणला. टाच मऊ, तळाला अगदी बारके, दाटीनं बसवलेले दात, दिसायलाही साधा. “मामा, तुम्हाला हा पाहिजे. रस्त्याला बी आणि मातीला बी. याला हायब्रीड म्हणतात.” तो शब्द ऐकल्याबरोबर साडूंनी पुढे केलेला पाय मागे घेतला. “हायब्रीड ज्वारीची भाकर म्या लहानपनी लई खाल्लीय. पोट भरतं, पर ती भाकर न्हवं.” आणि पायात न घालताच त्यांनी तो बूट नापास केला. मॅनेजरनं स्वतः झाडू आणून माती गोळा केली आणि ती पुरचुंडीत परत बांधून दिली. बाहेर आल्यावर मी चिडून म्हणालो, दाजी, निदान घालून तरी बघायचा. ते पिशवीतल्या पुरचुंड्या नीट लावत बसले. त्यांच्या त्या टाळण्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही, कारण मला फक्त झोप दिसत होती.

त्यानंतर शिरूरची दुकानं झाली, दौंडची झाली, कुणाच्या तरी भाच्यानं मोबाईलवर दाखवलेलीही झाली. प्रत्येक वेळी काहीतरी निघायचंच. पुढचा भाग अरुंद, नाडी निसरडी, टाच उंच, आवाज पोकळ. या सगळ्या काळात ते आठवड्यातून दोन-तीनदा पळत होते, त्याच जुन्या बुटांनी, आणि लंगडत परत आले की म्हणत होते, “बुटाचं काम हाय हे. एकदा बूट मिळू द्या.” गेल्या मार्गशीर्षात आमच्या कंपनीत ऑडिट होतं. आठवडाभर मी बारा-बारा तास उभा होतो. गुरुवार उजाडला तसा फोन आला आणि मी शिरूरला जाऊन साडूंच्या शेजारी एका छोट्या दुकानात बसलो. दुकानदारानं योगायोगानं तोच जोड पुढे ठेवला, मऊ टाचेचा, बारक्या दातांचा. साडूंनी हातात घेतला, ठोकला, उलटासुलटा केला आणि म्हणाले, “जरा जड वाटतोय.” तो जड नव्हता. दिवसभर हातानं माल तोलणारा माणूस आहे मी, मला कळतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “दाजी, आज हा घ्यायचा. नसेल घ्यायचा तर पुढच्या गुरुवारी मी येणार नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. “दमला का हो तुम्ही?”

“हो दाजी. दमलो.”

“मग घेऊ,” असं म्हणून त्यांनी मुकाट्यानं बूट पायात घातला आणि नाड्या बांधल्या. दुकानात चार पावलं चालून ते परत आले आणि दुकानदाराला म्हणाले, “बांधा.” मला एवढं हलकं वाटलं, की मी त्यांना समोरच्या हॉटेलात मिसळ खाऊ घातली. त्यांनी निम्मी ताटलीत ठेवली.

पुढच्या गुरुवारी सकाळी नव्या बुटाची पहिली फेरी होती आणि मी हजर असायलाच हवं असा आक्कांचा हुकूम होता. थंडी बरी होती. डांबरावर साडू निघाले, मी मागून धापा टाकत. बुटाचा आवाजसुद्धा येत नव्हता. खाली कॅनॉलच्या वाटेला उतरताना मी श्वास धरून पाहत होतो. तळ घसरला नाही, माती चिकटली नाही, बूट जसा डांबरावर तसाच मातीत. मी मागून ओरडलोसुद्धा, “दाजी, पास!” त्यांनी मागे न बघता हात वर केला. आणखी शे-दोनशे पावलं गेले असतील. मग ते हळू झाले, मग चालू लागले, आणि मग एका मोरीच्या कठड्यावर बसले. मी पोचलो तेव्हा ते दोन्ही हातांनी गुडघा दाबत होते. थंडीतही कपाळावर घाम होता. मी विचारलं, बूट लागतोय का? त्यांनी खाली वाकून बुटावरची थोडी माती बोटानं पुसली.

“बूट पास हाय, पाव्हणं. लई चांगला बूट हाय.” मग कॅनॉलच्या पाण्याकडं बघत म्हणाले, “आता कुणाचं नाव सांगू?”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि तो न पडता तर बरं झालं असतं. रुळावरचा दोष नुसत्या पायाखाली ओळखणारा हा माणूस. आपल्याच गुडघ्यातला दोष त्याला दीड वर्ष कळला नसेल? बूट सापडत नव्हता तोवर दोष बुटाचा होता. नीट बूट मिळाला की आपण पळणारच आहोत, असं त्यांना रोज सकाळी उठून म्हणता येत होतं. म्हणून तर शोरूममध्ये तो योग्य बूट पुढे आल्यावर त्यांनी पाय मागे घेतला होता. आणि मी, माल पास-नापास करण्यात वीस वर्षं घालवलेला शहाणा, माझा एक गुरुवार वाचवण्यासाठी त्यांना तो बूट घ्यायला लावून बसलो. परत येताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. वजन फारसं नव्हतं, पण घर येईपर्यंत मला ते पेलवेना.

त्याच्या पुढच्या गुरुवारी फोन वाजला नाही. मी साडेसहापासून जागा होतो. बायको म्हणाली, “झोपा की आता निवांत, दीड वर्ष रडत होता ना.” सात वाजले, साडेसात वाजले. आठला मी उठलो आणि मोटारसायकल काढली. दौंडला पोचलो तर साडू अंगणात खुर्ची टाकून पाय पाटावर ठेवून बसले होते, आणि आक्का दाराआडून नुसत्या त्यांच्याकडं बघत होत्या. बसायला न येणारा माणूस अगदी शहाण्यासारखा बसला होता. ते दृश्य मला सहन झालं नाही.

“दाजी, मला बूट घ्यायचाय.”

“कशाला?”

“पळायला.”

त्यांनी माझ्या पोटाकडं पाहिलं. “तुम्ही पळनार.”

“कंपनीच्या तपासणीत साखर निघालीय. आमच्याकडं पण तसंच आहे. थोडं डांबर, मग माती.”

“खोटं बोलताय.”

“निम्मं,” मी म्हणालो.

 आक्का दाराआडून उंबऱ्यावर आल्या. मग साडूंनी खुर्ची जराशी पुढं ओढली. “चपला काढा. बूट मागनं बगू, आधी चाल बगू. त्या नळापतुर जा आन् परत या.” मी अनवाणी नळापर्यंत गेलो आणि परत आलो. “टाच आपटताय. परत जा.” मी परत गेलो. “आता पाय बाहीर पडतोय. परत.” पाचव्या फेरीला शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या, सहाव्या फेरीला तळपायाला खडा बोचला, आणि साडू खुर्चीतून हात हलवत, ओरडत, मला दुरुस्त करत होते.

तेव्हापासून आतापर्यंत माझ्यासाठी पाहिलेले सात जोड नापास झाले आहेत. गुरुवार पुन्हा गेला तो गेलाच. साडूंचा नवा बूट फडताळात कागदात गुंडाळून ठेवला आहे. त्याला कुणी हात लावत नाही आणि त्याबद्दल कुणी बोलतही नाही. दुकानात ते आता जिना चढत नाहीत, पायरीवर बसतात, आणि मी एकेक बूट घालून त्यांच्यासमोर चालून दाखवतो. मी फार दमलोय, हे खोटं नाही. पण माझ्या पायाला चालेल असा बूट एवढ्यात सापडू नये, एवढंच आता माझं मागणं आहे.